तुरटी मुरेपर्यंत

आक्काच्या रंगशाळेत थर्मामीटर होता. एका हौशी गिऱ्हाइकानं भेट दिलेला. भिंतीवरच्या खिळ्याला तो लटकलेला असायचा आणि आक्का त्याच्यावर ओले रबरी हातमोजे वाळत घालायची. हंडा हवा तेवढा तापला की नाही, हे ती बोट बुडवून ठरवायची. "हे बोट आजवर कधी खोटं बोललेलं नाही," असं ती म्हणाली की कामावरच्या बायका माना डोलवायच्या. बोटाबद्दल शंका घेणाऱ्या एकीला तिनं दिवसभर राखेनं हंडे घासायला लावलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वडील गेले तेव्हा ती नुकती कुठं शाळेतून बाहेर पडली होती. तांब्याचे हंडे, ठशांनी भरलेलं एक कपाट आणि नाक पुसायचंही न कळणारा धाकटा भाऊ एवढं तिच्या पदरात पडलं. हंड्यांना तिनं कल्हई करून घेतली आणि भावाला शिस्त लावली. लग्नाचा विषय कुणी काढला तर दोन्ही हात पुढं करून म्हणायची, "एक लाल, एक निळा. नवऱ्याच्या हातात कुठला देऊ ते आधी सांगा." पुढं पुढं विचारणारेच थकले.

भावाला टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो ठसे मारायला बसला आणि काम दोघांत वाटलं गेलं. तुरटी आणि डिंक यांची खळ लाकडी ठशानं कापडावर उमटवायची, हे धाकट्याचं काम. त्या खळीला स्वतःचा रंग नसतो. ठसा कुठं पडला हे कळावं म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू घालतात, इतकंच. मग ते कापड सावलीत टांगून ठेवायचं, तुरटी धाग्यात मुरू द्यायची, धुवायचं आणि मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल मुळीच्या, हंड्यात सोडायचं. तिथून पुढं आक्काचं राज्य. जिथं तुरटी मुरलेली असते तिथंच लाल नक्षी उमटते. बाकीचं कापड धुतलं की पुन्हा पांढरं. या धंद्यात पाप एकच, ते म्हणजे घाई. अर्धवट मुरलेल्या कापडावर रंग चढवला की डाग पडतात आणि त्याचं पोतेरं करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उलट चार दिवस जास्त टांगलं म्हणून एकही कापड आजवर बिघडलं नव्हतं.

एका सकाळी आक्कानं मेजावरचं कापड पाहिलं आणि तिचा पारा चढला. उजवी बाजू ठशांनी भरलेली, सांधा सांध्याला लागलेला. डावी बाजू साफ कोरी.

"हे काय रे?"

"काय?"

"अर्धं कापड कोरं सोडलंस."

"कुठं कोरं? झालं की सगळं."

"डोळे आहेत का बटणं? ही बाजू कुणी करायची, तुझ्या सासऱ्यानं?"

धाकटा हसला नाही. त्यानं कापडाकडं नीट निरखून पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "आक्का, तू उगाच सकाळी सकाळी भांडण उकरून काढतेस." तो थट्टा करत नव्हता. त्याच्यापुरती डावी बाजू नव्हतीच.

आक्काला वाटलं, आळस. वयाबरोबर माणूस अंग चोरतो. दोन दिवसांनी ती त्याच्याकडं जेवायला गेली. तीन जिने चढून त्यांचं घर होतं. जेवता जेवता धाकटा बायकोवर करवादला, "भात संपला, भाजी संपली. अर्धपोटी उठवतेस का मला?" त्याच्या ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ होती आणि डावीकडं सगळं तसंच होतं. आक्का म्हणाली, "पोटाकडं बघ की जरा, म्हणजे अर्धपोटी कसं असतं ते कळेल." त्याची बायको मात्र ताटाकडंच बघत होती. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिनं हात लांब केला आणि नवऱ्याचं ताट हळूच अर्धं फिरवलं. "हां, आता कसं!" म्हणून धाकटा उरलेला भात जेवला. भावजयीचा चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता ती त्याला घेऊन इस्पितळात गेली.

गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला होती आणि झपाट्यानं वाढणाऱ्या जातीची होती. काढली तरी पुन्हा येते, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काढायची, किरण द्यायचे, औषधं द्यायची, आणि तरी साधारण किती काळ मिळतो तेही सांगितलं. भावजयीनं ते ऐकलं. आक्कानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग डॉक्टरांनी दुसरी एक गोष्ट काढली. नव्या उपचाराची चाचणी सुरू होती. अजून कुणाला गुणाची खात्री नव्हती, म्हणून तर चाचणी. गाठ काढल्यावर जी पोकळी उरते तिच्या भिंतीत एक विषाणू टोचायचा. सर्दीच्या जातीचा, पण दुबळा केलेला. त्याच्यात एक जीन घातलेला असतो. विषाणू उरल्यासुरल्या गाठीच्या पेशींत शिरतो आणि तो जीन तिथं पोचवतो. नुसत्या त्यानं काही होत नाही. मग रोग्याला गोळ्या द्यायच्या, नागिणीवर देतात तसल्याच. त्या गोळीनंही एरवी गाठीचं काही बिघडत नाही. पण ज्या पेशींत तो जीन पोचलाय तिथं गोळीचं विष होतं आणि पेशी मरते.

आक्का इतका वेळ हाताची घडी घालून बसली होती. ती एकदम पुढं झुकली. "म्हणजे आधी तुरटी आणि मग रंग."

"काय म्हणालात?"

धाकट्याला आनंदाची उकळी फुटली. "डॉक्टर, ती म्हणतेय ते बरोबर आहे. तुरटीला रंग नसतो, हंड्यातल्या रंगाला कोऱ्या कापडावर पाय रोवता येत नाही. दोघं भेटले की लाल! तुम्ही माझ्या डोक्यात ठसे मारणार म्हणा की."

डॉक्टर हसले. आजारपणाच्या त्या खोलीत कुणीतरी हसतंय याचाच त्यांना आनंद झाला असावा. "वा! अगदी असंच समजा," ते म्हणाले.

त्यानंतरही ते बरंच बोलले. गोळ्या कधी चालू करायच्या, का करायच्या, त्याला उशीर का चालत नाही. भावजय ऐकत होती. आक्का समाधानानं मागं टेकली होती. तिला कळायचं ते कळलं होतं.

शस्त्रक्रिया झाली, टोचून झालं. घरी सोडायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की धाकट्याला तीन जिने चढवणार कोण. म्हणून त्याला रंगशाळेमागच्या आक्काच्या खोलीत ठेवलं. भावजयीची रजा आधीच संपलेली. ती सकाळी येऊन अंग पुसून द्यायची, संध्याकाळी शाळेतून थेट तिथंच यायची. दिवसभराचं औषधपाणी आक्काकडं.

गोळ्या चालू करायच्या दिवशी धाकट्याला कणकण होती. इस्पितळातल्या सिस्टरनं आधीच बजावलं होतं की थोडा ताप येईल, घाबरू नका, गोळ्या चुकवू नका. आक्कानं बशीत गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि भावाच्या कपाळावर हात ठेवला. हात ठेवला तो तसाच राहिला.

"अजून धगधगतंय रे."

"आतून भट्टी लावलीय त्यांनी," धाकटा डोळे मिटून म्हणाला.

"ओल्या ठशावर कधी रंग चढवलाय आपण?"

"नाही बुवा. डाग पडतात."

"आत्ता कुठं टोचलंय. नीट धरू तर दे त्याला. एकदाच मिळणारी गोष्ट, घाई करून वाटोळं नको."

धाकट्यानं डोळे उघडले. विचार केला. आयुष्यभर त्यानं जे केलं होतं तेच त्याच्या मनात आलं असणार. "मुरू दे," तो म्हणाला. "घाईनं आपलं कधी भलं झालंय?"

आक्कानं गोळी परत ठेवली. यात हलगर्जीपणा नव्हता, हे समजून घ्यायला हवं. त्या दोघांच्या लेखी सांभाळणं म्हणजे थांबणं. रोज संध्याकाळी भावजय दारातूनच विचारायची, "गोळ्या झाल्या?" आणि आक्का म्हणायची, "झाल्या." सिस्टरचा फोन आला, "ठरल्या दिवशी चालू केल्या ना?" त्यालाही ती म्हणाली, "हो, हो, केल्या." रंगशाळेत हे उत्तर खोटं धरलं जात नसे. "आमचं कापड हंड्यात गेलं का?" असं गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं की दोरीवर टांगलेल्या कापडाकडं बघत आक्का नेहमीच म्हणायची, "गेलं." गिऱ्हाइकाला मुरण्यातलं काय कळतंय!

ताप पूर्ण उतरला, धाकटा उठून बसायला लागला, तेव्हा तिनं गोळ्या चालू केल्या. एक आठवडा उलटला होता. त्यानंतर मात्र एकही चुकवली नाही. पुरी पाकिटं संपवली, फक्त उशिरा सुरू करून उशिरा संपवली.

मध्यंतरी बरे दिवस आले. किरण देऊन झाले, धाकटा काठी टेकत मेजापाशी यायला लागला. बायकोनं कापडाच्या डाव्या काठाला जाड लाल दोरा टाचून दिला होता. तो दिसेपर्यंत मान वळवायची, असं शिकवलं होतं. तो ठसा मारायचा, मान वळवायचा, दोरा शोधायचा. "दिसला रे दिसला, माझा डावा मुलूख!" असं ओरडायचा. आक्का ओरडायची, "मुलूख दिसला तर ठसा मार आता, मिरवणूक नको." तिच्या मनात आलं, चढला रंग नीट.

मग पुन्हा डोकं दुखायला लागलं. पुन्हा डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिघं बसली असताना शेजारचा एक माणूस बोलायला लागला. मोटारी दुरुस्त करणारा असावा, नखांत काळं ऑइल होतं. त्याच्या बायकोला हीच गाठ होती, पुढच्या आठवड्यात तिला टोचणार होते. "यांना देऊन झालं ना? गुण आला का हो?" त्यानं आक्काला विचारलं. धाकटाच मध्ये म्हणाला, "आम्हाला बघा आणि ठरवा." माणूस कसनुसं हसला.

डॉक्टरांनी आत बोलावलं. पोकळीच्या कडेला पुन्हा वाढ दिसत होती. "पण रस्ता बंद झालेला नाही," ते म्हणाले. "पुन्हा उघडून वाढ काढायची आणि दुसऱ्यांदा टोचायचं, अशी सोय चाचणीत आहे. पहिल्या वेळी तुमच्याकडून सगळं चोख झालंय. गोळ्या वेळेवर गेल्या, तरी गाठ आली. याचा अर्थ विषाणूची मात्रा कमी पडली. या खेपेला वाढवू. मेंदूला सूज यायची भीती त्यानं वाढते, हे लपवत नाही. इतरांच्या बाबतीतही आम्हाला मग तोच विचार करावा लागेल."

"गोळ्या वेळेवर म्हणजे," आक्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "जरा मागंपुढं झालं तर?"

"तो जीन थोडेच दिवस काम करतो, मग विझत जातो. म्हणून तर ठरल्या दिवशी गोळ्या चालू करायच्या. उशीर झाला तर ज्याच्यावर मारा करायचा तेच जाग्यावर नसतं. मागं बोललो होतो आपण."

बोलले होते खरे. भावजयीनं मान हलवली. जे मुरतंय असं समजून आक्का थांबली होती, ते रोज थोडं थोडं विरत होतं.

भावजय औषधं आणायला खाली गेली तशी आक्का भावाजवळ सरकली. तो भिंतीकडं बघत होता.

"ऐकलंस?"

"डावा कान शाबूत आहे माझा."

"सांगायला पाहिजे त्यांना."

"काही सांगायचं नाही."

"अरे, ते मात्रा वाढवणार आहेत. कमी पडली असं धरून. कमी पडली नव्हती, आपण वाया घालवली."

"मग या खेपेला वाया घालवणार नाही. संपलं." त्यानं उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. ठसे मारून मारून त्या हाताची पकड अजून लोखंडासारखी होती. "आक्का, हे बघ. सांगितलंस तर ते मला काढून टाकतील. नियमात नाही बसलो की बाहेर. मला अजून एक डाव पाहिजे. तू मला लहानाचं मोठं केलंस ना? मग आता मारू नकोस."

"आणि सूज आली तर?"

"तर मी मरेन. नाही आली तर? तेव्हाही मरेनच, पण सावकाश. तोंड उघडलंस तर माझं-तुझं बोलणं बंद, आधीच सांगून ठेवतो."

त्या आठवड्यात आक्काच्या हातून दोन कापडांचा रंग करपला. बोट हंड्यात बुडवून ती उभी राहायची आणि काय ठरवायचं होतं तेच विसरायची. कामावरची एक बाई धीर करून म्हणाली, "आक्का, थर्मामीटर काढून देऊ का?" आक्कानं तिला शिवी दिली नाही, याचीच बायकांना जास्त भीती वाटली. तिचा जीव दोन्हीकडून पिळवटत होता. गप्प राहावं तर भावाला त्याचा डाव मिळतो, पण चुकीच्या हिशोबावर वाढवलेली मात्रा त्याच्याच डोक्यात जाते. नखांत ऑइल असलेल्या त्या माणसाच्या बायकोच्याही डोक्यात जाते. बोलावं तर हाच आपला हात पोटच्या पोरासारख्या भावाच्या तोंडातला घास काढून घेतो.

एका दुपारी तिनं हात घासघासून धुतले, तरी लाल राहायचे ते राहिलेच, आणि एकटीच इस्पितळात गेली. डॉक्टर मोकळे होईपर्यंत बाकावर बसून राहिली. आत गेल्यावर तिनं बसायलाही नकार दिला.

"गोळ्या मी उशिरा चालू केल्या. आठवडाभर. सिस्टरला खोटं सांगितलं, भावजयीला खोटं सांगितलं. तुरटी मुरावी लागते, तसं वाटलं मला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असंच समजा, म्हणालो होतो ना मी?"

"म्हणाला होतात. पण खापर तुमच्यावर फोडायला नाही आले."

"कळतंय."

"त्यानंच बिघडलं का? तेवढं सांगा."

"नाही सांगता येत. वेळेवर दिल्या असत्या तरी कदाचित गाठ आलीच असती. कदाचित नसती आली. हे औषध अजून आमच्याही पुरतं ओळखीचं नाही."

आक्काला वाटलं होतं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मग दुसऱ्यांदा टोचायचं?"

"मी वर विचारून बघतो. पण आशा ठेवू नका. आणि घरी तुम्ही सांगा, नाहीतर मला फोन करावा लागेल."

वरून नकार आला. मात्रा वाढवायचं सध्या थांबवलं, एवढं डॉक्टरांनी कळवलं. धाकट्याला नेहमीची औषधं चालू ठेवायला सांगितली.

घरी आक्कानं स्वतःच सांगून टाकलं. भावजय आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. ती रंगशाळेत आली, कामावरच्या बायका बाहेर जाईपर्यंत थांबली. एरवी ती आक्काला आक्काच म्हणायची. "वन्सं," ती म्हणाली, "मी रोज दारात विचारत होते. रोज."

"हो गं."

"कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं."

"मला मार हवं तर."

"मारून काय होणार आहे?" तिचा आवाज फुटला. "माझा राग तुम्ही थांबलात याचा नाही. तुम्हाला वाटलं असेल तसं. पण मला विचारलं का नाही? मी तिथं बसून सगळं ऐकलं होतं. मी सांगितलं असतं ना!"

विचारायचं आक्काच्या मनातच आलं नव्हतं. कुणाला विचारायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

चार माणसं लावून धाकट्याला खुर्चीसकट तीन जिने चढवून वर त्याच्या घरी नेलं. जाताना त्यानं आक्काकडं पाहिलं नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती, तेव्हा न दिसल्यामुळं की न पाहायचं म्हणून, हे तिला कळलं नाही.

ती रोज सकाळी वर जायची. कुणी या म्हणायचं नाही, जा म्हणायचं नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची, त्याच्या उजव्या बाजूला. तो बोलायचा नाही. भावजय शाळेत जाताना गोळ्यांचा डबा शेजारच्या शिंपीणबाईच्या हातात द्यायची, आक्काच्या देखत. पहिल्या दिवशी शिंपीणबाई ओशाळून म्हणाली, "अगं, आक्का आहेत ना इथंच." भावजय चपला घालता घालता म्हणाली, "तुम्हीच द्या." आक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

एकदा शिंपीणबाई गोळी बशीत घेऊन आली आणि मध्येच थबकली. "आक्का, ही पांढरी जेवणाआधी की नंतर हो? मी मेली विसरले."

आक्काला माहीत होतं. इस्पितळातल्या प्रत्येक गोळीची वेळ आता तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिला विचार," ती म्हणाली. "शाळेत फोन कर."

पलंगावरून घोगरा आवाज आला. तोंडाची एक बाजू आता नीट हलत नव्हती, म्हणून शब्द घसरत होते. "आक्काला माहीत नाही असं काहीतरी निघालं म्हणायचं."

कित्येक आठवड्यांत त्यानं तिला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. चिडवलं की डिवचलं, ते तिला ठरवता आलं नाही. "निघालं बाबा," ती म्हणाली.

शिंपीणबाईनं फोन लावला. शाळेचा फोन कुणी उचलत नव्हतं. तिनं पुन्हा लावला. गोळी बशीत तशीच होती आणि तिघंही तिच्याकडं न बघता पलीकडून कुणीतरी बोलायची वाट बघत होती.